बारा संगणकांचा ससा

सोमवार, ९ डिसेंबर २०२४

ससा बंद पडला. दिवाळीची सुट्टी आणि त्यानंतर रस्त्याच्या कामात तुटलेली केबल, असे सहा आठवडे शाळेच्या लॅबला इंटरनेट नव्हतं. आज साडेदहाला बाराही संगणक सुरू केले, तर बाराही पडद्यांवर एकच इंग्रजी मजकूर आला. हा ब्राउझर आता बंद केला आहे, नवी आवृत्ती निघणार नाही, आजवर वापरलात त्याबद्दल आभार.

पुढेमागे मलाच नीट आठवावं म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. आमचे संगणक वापीच्या एका कारखान्याने नवे घेतल्यावर आम्हाला दिलेले. तेव्हाच ते दहा वर्षांचे होते. त्यांच्यावर नेहमीचे ब्राउझर लावले की पान उघडेपर्यंत पोरं पाढे म्हणून घेत. मग मी शोधून शोधून हा ब्राउझर काढला. त्याची खासियत अशी, की तो प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा बनवलेला असे. साइटवर आधी आपला प्रोसेसर निवडायचा, मग त्याच्या मापाची प्रत मिळायची. तयार कपडे आणि शिंप्याकडून शिवून घेतलेले कपडे यांत जो फरक, तोच. आमच्या डबड्यांवर तो असा पळायला लागला की हेडसर स्वतः बघायला आले. त्याच्या चित्रात धावणारा ससा आहे म्हणून पोरं त्याला ससाच म्हणतात.

उद्यापासून लगेच काही अडणार नाही. आहे ती आवृत्ती चालते. सोळा वर्षं ही लॅब मी चालवतोय, असले प्रसंग पाहिलेत.

बुधवार, ११ डिसेंबर

अडलं.

नर्सिंगला शिकणाऱ्या मुलींचा सगळा खर्च उचलणारी एक संस्था आहे. तिची निवड परीक्षा ऑनलाइन असते. गेल्या वर्षी केंद्र पालघरला होतं. आमच्या एकोणीस मुलींनी फॉर्म भरले, परीक्षेला पोचल्या सहा. बाकीच्यांना पाड्यावरून पहाटेची जीप मिळाली नाही, किंवा घरच्यांनी इतक्या लांब पाठवलं नाही. आज हेडसरांच्या हाती संस्थेचं पत्र आलं. ज्या शाळेत दहा चालू संगणक आहेत आणि त्यांच्यावर संस्थेचं परीक्षेचं पान उघडतं, त्या शाळेला यंदा केंद्र मिळेल. तपासणी दहा जानेवारीला, परीक्षा एकोणीसला.

मी तिथल्या तिथे ते पान उघडून दाखवायला गेलो. पान म्हणालं, तुमचा ब्राउझर जुना आहे. मग एक नवा, नावाजलेला ब्राउझर उतरवून घेतला. तो उघडलाच नाही, नुसती एक ओळ टाकून मेला. अर्थ असा, की नवे ब्राउझर प्रोसेसरला जे हुकूम देतात त्यांतले काही आमच्या प्रोसेसरला जन्मापासून ठाऊकच नाहीत.

हेडसर शांत माणूस आहेत. देवजी सर म्हणतात सगळे त्यांना. ते म्हणाले, वापीचा एक भंगारवाला मागेच विचारून गेलाय, आणि वसतिगृहाला धान्य ठेवायला खोली कमीच पडते. ते टोमणा म्हणून बोलले नाहीत, पण मला समजलं. मी तासिकेवर आहे. लॅब नाही तर तासिका नाही.

मी सांगून टाकलं, दहा जानेवारीपर्यंत करून देतो.

शनिवार, १४ डिसेंबर

ससा बनवणाऱ्या माणसाला पत्र लिहिलं. योहान त्याचं नाव, नॉर्वेत राहतो, एकटाच हे काम करत होता. या ब्राउझरचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, सगळ्यांना खुला आहे, त्यामुळे कुणीही तो घेऊन स्वतः ब्राउझर तयार करू शकतो. मी लिहिलं, तुमचा पसारा जगभर असणार याची मला कल्पना आहे, तरी आमच्या शाळेची अडचण अशी अशी आहे, पुढची आवृत्ती आम्ही स्वतः बनवली तर चालेल का. इंग्रजी माझं ठीक आहे. डहाणू रोडला टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नऊ वर्षं साहेबी पत्रं टाइप केली आहेत.

पत्र लिहिताना जिवली चहा घेऊन आली आणि उभी राहिली. जिवली वसतिगृहाची स्वयंपाकीण. पस्तिशीची असेल. आमच्याच शाळेत बारावी केली, लग्नानंतर परत इथेच लागली. दोनशे पोरांचं जेवण उरकलं की दुपारी लॅबमध्ये येऊन बसते. आधी वाटलं पंख्यासाठी येते. मग तिने मुलीच्या शिष्यवृत्तीचं पान कसं बघायचं ते विचारलं, मग फाइल कशी साठवायची, आणि असंच एकेक. मी शिकवतो. शिकवायला मला आवडतं.

तिची पुतणी निलम यंदा बारावीला आहे. गेल्या वर्षी ज्या तेरा पोचल्या नाहीत, त्यांतली एक तिची भाची.

बुधवार, १८ डिसेंबर

योहानचं उत्तर आलं. लांबलचक आहे, जरा विचित्रही. महत्त्वाचं असं, की तो पुढच्या आवृत्तीच्या फाइली पाठवतोय. त्या अर्धवट तयार होत्या, त्याने त्या कधी चालवून पाहिलेल्या नाहीत. कृतीही लिहून दिलीय. आता तो सत्तरीचा झालाय, डोळ्यांचं ऑपरेशन आहे, जानेवारीअखेरपर्यंत उत्तर देता येणार नाही.

विचित्र भाग हा. तो म्हणतो, गेली दोन वर्षं नवी आवृत्ती मागणारे रोज फक्त बाराच संगणक येत. सकाळी सहाला, उन्हाळ्यात सातला, त्याच्या कॉफीच्या वेळेला, बाराचे बारा, रविवारी एकही नाही. मे महिन्यात नाहीत. त्याला वाटे ही माणसं नसून कुठल्यातरी कारखान्यातली यंत्रं असतील, पण सवय झाली होती म्हणून त्यांच्यासाठी तो काम करत राहिला. ऑक्टोबरच्या शेवटी ते बाराही यायचे थांबले. महिनाभर वाट बघून त्याने दुकान बंद केलं.

त्याच्या मोजणीत काहीतरी घोटाळा असणार. जगात एवढे जुने संगणक असताना बाराच कसे?

जिवलीने ते पत्र मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग विचारलं, आपल्याकडे साडेदहा वाजतात तेव्हा तिकडे किती. हिवाळ्यात सहा, मी सांगितलं. ती संगणकांच्या रांगेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, त्यांना या खोलीचा फोटो पाठवा. पोरं बसलेली असताना." कल्पना चांगली आहे, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल. जेवणानंतर आठवीचा वर्ग बसवून फोटो काढला आणि पाठवला.

शुक्रवार, २० डिसेंबर

जिवलीला बिल्ड म्हणजे काय ते समजावलं. तिला सोपं जावं म्हणून म्हटलं, पिठापासून भाकरी करतो तसं, मूळ मजकुरापासून ब्राउझर. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ते समजलं सर, पण योहान साहेबांच्या कृतीत या तिसऱ्या ओळीत जे लिहिलंय ते काय आहे. मी म्हटलं, त्या सेटिंगच्या ओळी असतात, त्यांचं आपल्याला काम नाही. तिने ती सगळी कृती पेन्सिलीने आपल्या वहीत उतरवून घेतली. इंग्रजी अक्षरं एकेक करून. दोन तास लागले तिला.

सोमवार, २३ डिसेंबर

शनिवारी लॅबच्या संगणकावर बिल्ड लावला होता. मेमरी पुरली नाही, तासाभरात सगळं गोठलं. मला याची अपेक्षा होतीच. आता ऑफिसच्या नव्या संगणकावर करणार. हेडसरांनी सुट्टीच्या दिवसांपुरती परवानगी दिली.

शीतल म्हणाली, घरात बोलत नाहीस हल्ली, तोंडात सारखं ते बिल्डच. शीतल माझी बायको, घोलवडला चिकूच्या पॅकिंगला जाते. सीझन आहे, ती दमून येते. मी तिला नीट समजावून सांगितलं. ती ऐकता ऐकता झोपली.

रविवार, २९ डिसेंबर

काल सकाळी नऊला ऑफिसच्या संगणकावर बिल्ड लावला. अंदाज तेरा तासांचा. दुपारनंतर जिवलीला बसवून मी मसोलीला घरी आलो. संध्याकाळी तिचा फोन, वीज गेली होती, इन्व्हर्टरवर चाळीस मिनिटं चाललं, मग आली. तिने बाकीचे पंखे-दिवे सगळे बंद करून फक्त तो एक संगणक इन्व्हर्टरवर ठेवला होता. हे मी सांगितलं नव्हतं, पण सांगणारच होतो.

आज बारा वाजता गेलो. बिल्ड पूर्ण झाला होता. एकही चूक नाही. ऑफिसच्या संगणकावर उघडून पाहिला. काय पळतो. संस्थेचं परीक्षेचं पान चुटकीसरशी आलं. मी हेडसरांना फोन करून टाकला, काम फत्ते.

सोमवार, ३० डिसेंबर

लॅबच्या एकाही संगणकावर उघडत नाही. बाराच्या बारांवर तीच ओळ, जी त्या नावाजलेल्या ब्राउझरने टाकली होती.

मंगळवार, ३१ डिसेंबर

आज काही केलं नाही. शाळेत जाऊन बसलो. सगळ्या फाइली पुन्हा तपासल्या, चूक कुठेच नाही. फाइली अर्धवट आहेत, योहाननेच लिहिलंय. त्याला विचारायची सोय नाही.

एकावन्न वर्षांचा आहे मी. लॅब गेली तर डहाणू रोडला कुणाच्या तरी झेरॉक्सच्या दुकानात उभं राहावं लागेल. त्यात कमीपणा नाही, पण तिथे मला सर म्हणणार नाहीत. हेडसरांना अजून सांगितलेलं नाही.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

सापडलं. जिवलीला सापडलं.

दुपारी ती वही घेऊन आली आणि तीच तिसरी ओळ दाखवली. चार दिवस शब्दकोश घेऊन बसली होती म्हणे. म्हणाली, "सर, इथे लिहिलंय, ज्या मशीनवर काम चाललंय त्याच्याच मापाने बनव. योहान साहेब त्यांच्याकडच्या जुन्या मशीनवर बनवत असतील. आपण ऑफिसच्या मशीनवर बसलो. मग हा ससा ऑफिसच्या मापाचा नाय झाला का?"

बरोबर होतं. अख्खा ब्राउझर, तेरा तास, नव्या प्रोसेसरच्या मापाने शिवून ठेवला होता मी, आणि तो जुन्यांच्या अंगात घालत होतो. गेली सहा वर्षं ज्या गोष्टीचं मी सगळ्यांना कौतुक सांगत आलो, नेमकी तीच गोष्ट विसरलो. त्या ओळीत फक्त आमच्या जुन्या प्रोसेसरचं नाव घालायचं होतं.

तिने विचारलं होतं तेव्हाच मी नीट बघितलं असतं तर. हे इथे लिहून ठेवतो, बाहेर कुणाला सांगणार नाही.

मग ओळ बदलली. नाव मी सांगितलं, तिने टाइप केलं. स्पेलिंग तिने दोनदा तपासलं.

सोमवार, ६ जानेवारी

शनिवार-रविवारच्या बिल्डमधून निघालेला ससा आज लॅबमध्ये लावला. पहिला संगणक. चित्र आलं, ससा धावला, पान उघडलं. मी खुर्चीत बसलो तो दोन मिनिटं उठलोच नाही. जिवली तोवर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याकडे गेली होती. बाराही चालू. सातव्याचा माउस अडतो, तो वेगळा विषय.

पोरांनी विचारलं, ससा परत कसा आला. मी म्हटलं, आणला.

शुक्रवार, १० जानेवारी

संस्थेच्या चंद्रिका मॅडम तपासणीला आल्या. ठाण्याहून गाडीने. लॅब बघून पहिल्यांदा त्यांचा चेहरा पडला, ते मला दिसलं. म्हणाल्या, एवढे जुने संगणक आम्ही अजून कुठल्याच केंद्रात पाहिलेले नाहीत. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही पान उघडा. त्यांनी एकेका संगणकावर नमुना परीक्षा चालवली. बारावा झाल्यावर विचारलं, हे तुम्ही केलंत? मी हो म्हटलं, आणि ससा, प्रोसेसर, मापाचे कपडे, सगळं सांगितलं. दोन चहा झाले तेवढ्यात. दुसरा चहा जिवलीनेच आणला.

केंद्र मिळालं. हेडसरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी घरी निघालो तेव्हा जिवली बाहेर नळावर पातेली घासत होती. मी सांगितलं, केंद्र मिळालं. ती म्हणाली, माहिती आहे, मॅडमनी फोनवर सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. मग परत घासायला लागली. तिला आणखी आनंद होईल असं मला वाटलं होतं.

शनिवार, ११ जानेवारी

झोप नीट लागली नाही. "हे तुम्ही केलंत?" या प्रश्नाला 'आम्ही' असं उत्तर द्यायला किती वेळ लागला असता? नुसती जीभ हलवायची होती.

रविवार, १९ जानेवारी

खूप दमलोय तरी आजच लिहितो.

यंदा बावीस मुलींनी फॉर्म भरले होते. बावीसच्या बावीस आल्या. काही पाड्यांवरून तासभर चालत, काही भावाच्या मोटरसायकलवर. एकीची आई डबा घेऊन पटांगणात बसली होती, दुपारी तिच्याभोवती आणखी सात आया जमल्या. अकरा-अकराच्या दोन बॅचेस केल्या, एक संगणक राखीव.

पहिली बॅच सुरळीत गेली. दुसरी सुरू होऊन वीस मिनिटं झाली आणि सातव्या संगणकावरची मुलगी उभी राहिली. तिचा पडदा गोठला होता. ती निलम होती, जिवलीची पुतणी. घड्याळ मात्र संस्थेच्या सर्व्हरवर चालूच, आणि राखीव संगणकावर बसवली तर सगळं पहिल्यापासून लिहावं लागणार. चंद्रिका मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

मी गेलो आणि हात सरळ बटणाकडे नेला. सोळा वर्षांत मी अडलेला संगणक असाच चालू केलाय, बंद करून. जिवली दारात पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिने जग खाली ठेवला, आत आली आणि माझं मनगट धरलं. "बंद करू नका सर. तिने लिहिलेलं अजून आत आहे."

मग ती खाली वाकली. माउसला हातच लावला नाही. कळा दाबून हुकूम टाइप करायचा काळा पडदा उघडला, चालू असलेल्या कामांची यादी काढली, त्यात अडलेलं एकच काम शोधलं आणि तेवढंच मारलं. सशाने ते पान पुन्हा उघडलं. निलमची वीसच्या वीस उत्तरं जागेवर होती. चार मिनिटं गेली असतील. जिवलीने निलमच्या खांद्यालासुद्धा हात लावला नाही, जग उचलला आणि बाहेर गेली. नंतर पाहिलं तर ती पटांगणातल्या आयांना पाणी देत होती.

हे मी तिला शिकवलेलं नाही. मला स्वतःला ते पटकन जमलं नसतं.

परीक्षा संपल्यावर चंद्रिका मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, ती बाई कोण. मी सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं. तिसरी ओळ, वही, इन्व्हर्टर, आणि दहा तारखेला मी काय सांगायचं टाळलं तेही. मॅडम म्हणाल्या, मग कागदावर तसं लिहून द्या.

सोमवार, २० जानेवारी

संस्थेने कायमच्या केंद्राचा फॉर्म पाठवलाय. त्यात एक रकाना आहे, परीक्षेच्या वेळी तांत्रिक जबाबदारी कुणाची. नाव, पद, सही. त्या कामाचं मानधनही आहे, दर परीक्षेला.

मी फॉर्म घेऊन स्वयंपाकघरात गेलो. या शाळेत सोळा वर्षं झाली, तिथे पहिल्यांदाच गेलो असेन. चुलीवर मोठं पातेलं होतं. जिवलीने हात पुसले आणि फॉर्म वाचला, सगळा, मागची बाजूसुद्धा. मी म्हटलं, नाव तुझं लिहितोय. पद 'लॅब सहाय्यक' लिहू, शोभून दिसेल, हेडसरांशी मी बोलतो.

"नको सर. स्वयंपाकी लिहा," ती म्हणाली. "जे आहे तेच लिहा. त्यांना कळू दे, स्वयंपाकी पण हे करते."

मी लिहिलं. तिने पातेल्याकडे एक नजर टाकून सही केली, मराठीत, पूर्ण नाव. मग म्हणाली, हा ससाही जुना पडेल, मार्चच्या आधी नवा बिल्ड करायला लागेल, तो सगळा ती स्वतः करणार, मी नुसतं शेजारी बसावं. चुकली तर सांगावं, पण आधीच नाही.

बसतो म्हणालो. ऑफिसमधून आणखी एक खुर्ची लॅबमध्ये नेऊन ठेवली, तिच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, कळफलकापर्यंत माझा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर.